वारलेला ग्राहक परत येतो

१

माझा दादा वारला त्याला आठ महिने झाले. या महिन्याच्या सहा तारखेला त्याने बुद्धिबळाच्या एका वेबसाइटचं सभासदत्व पुन्हा सुरू केलं आणि वहिनीच्या खात्यातून नऊशे नव्याण्णव गेले.

हे मी म्हणत नाही, ती कंपनी म्हणते. 'ग्राहकाने स्वतः सभासदत्व पुन्हा सुरू केले आहे', असं तिने लेखी कळवलंय, तेही सहाव्यांदा.

सात तारखेला सकाळी माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, दारात उभा राहिला. एका हातात त्या कागदांची चळत होती आणि दुसऱ्या हातात बायकोची बॅग.

"आत्या, आईने हिला चोर म्हटलं," तो म्हणाला. "तोंडावर. ही काल अंगावरच्या कपड्यांनिशी मैत्रिणीकडे गेली. तिच्या कामात दुसऱ्या गावी जागा निघाली आहे, पंधरा तारखेपर्यंत हो-नाही सांगायचंय. हो म्हणते आहे."

"आणि तू?"

"मला म्हणाली, आईला विचारून ये."

तो खुर्चीत बसला आणि बॅग मांडीवरच ठेवली. लग्नाला चार वर्षं झालेला माणूस असा बसलेला बघवत नाही.

मी एकतीस वर्षं बँकेत तक्रारींच्या खिडकीवर काढली. माणसं पैशांपायी खोटं बोलतात, पण त्याच्या दुप्पट लाजेपायी बोलतात, हे तिथे शिकले. कागद चाळता चाळता एक गोष्ट मात्र लगेच डोळ्यात भरली. सात महिन्यांत सहा वेळा पैसे कापले होते आणि सहाही वेळा तारीख तीच होती, सहा.

चोर इतका शिस्तीचा नसतो. मी चप्पल घातली.

२

वहिनी शस्त्रक्रियेच्या खोलीतली परिचारिका होती. पोट शिवण्याआधी आत टाकलेले कापसाचे बोळे मोजायचे, हत्यारं मोजायची, मग पुन्हा मोजायची, हे तिचं काम. एकदा एक बोळा कमी भरला तेव्हा तिने नावाजलेल्या डॉक्टरला सुई खाली ठेवायला लावली होती. बोळा त्याच्याच बुटाखाली सापडला. घरातही तिचा तोच खाक्या. कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ओढून बघणार.

स्वयंपाकघरात फ्रिजवर तिने एक तक्ता चिकटवला होता. एक तारखेची कामं: वीज, पाणी, औषधं, किल्ल्या, टॅब. दर महिन्याचा वेगळा रकाना आणि पाचही कामांपुढे बरोबरच्या खुणा. चौथ्या महिन्याचा रकाना तेवढा कोरा होता.

"हे काय, वहिनी? तुमच्या हातून राहिलं?"

"तेव्हा दवाखान्यात नव्हते का मी, गुडघ्यासाठी? अठ्ठावीसला गेले ते पुढच्या बाराला आले." मग तिने आवाज खाली केला. "वन्सं, त्यातच तर सगळं आलं. तेव्हा सून माझ्यापाशी राहिली होती, रात्रंदिवस. आणि नेमके त्याच महिन्यात पैसे कापले गेले नाहीत. ती घरात नाही, तर चोरी नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पुरावा वाईट नव्हता. मी त्या खिडकीत याहून फुसक्या पुराव्यावर भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत.

"पण ती बुद्धिबळाच्या साइटचं करणार काय?"

"ह्यांच्याशी रोज संध्याकाळी कोण खेळायचं? मी? टॅब त्या कपाटात असतो आणि पासवर्ड तिनेच ठेवून दिलेला. मी दर वेळी फोन करून बंद करते, ते बंद झालं म्हणून सांगतात, तक्रार क्रमांकही देतात. पुढच्या महिन्यात सहाला पुन्हा आहेच. बँकेत गेले तर म्हणतात कंपनीला सांगा. कंपनी म्हणते, आमच्याकडून काही नाही, घरात कुणालातरी विचारा."

बँकेचं ऐकून मला माझीच लाज वाटली. हे वाक्य मीही कितीतरी जणांना ऐकवलं होतं.

"तुम्ही तिला विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाली. मग मी म्हटलं, हजार गेले त्याचं दुःख नाही, पण मेलेल्या माणसाच्या नावावर खेळतेस आणि वर खोटं बोलतेस, त्याचं आहे." वहिनीने ओटा पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला. "चुकलं का माझं?"

मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

३

सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करते. मी गेले तेव्हा ती एका वरच्या कवळीचे सुळे घासत होती. नखांत पांढरी भुकटी होती. मला बघून तिने यंत्र बंद केलं, पण कवळी खाली ठेवली नाही.

"तुम्ही पण विचारायला आलात का, आत्या?"

"हो."

"मी सुरू केलेलं नाही. झालं?"

"पासवर्ड तुला माहीत होता."

"मीच बनवला होता. बाबा लांबलचक ठेवायचे आणि विसरायचे." ती थांबली. "विसरायचे म्हणजे, त्यांना तसं वाटायचं."

"साइटवर तू कधी गेलीस?"

"कधीच नाही. आम्ही पटावर खेळायचो. बाबा हरायला लागले की पटाखालून पायाने माझी चप्पल सरकवायचे, माझं लक्ष जावं म्हणून. ते कुठल्या साइटवर आहे?" तिने डोळे मनगटाने पुसले, भुकटी गालाला लागली. "दवाखान्यात पंधरा दिवस आईंचं भांडं मी दिलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही. आणि आता म्हणतात, तू घरात नव्हतीस म्हणून चोरी झाली नाही. म्हणजे त्यांच्या उशाशी बसले तोच माझ्यावरचा पुरावा झाला."

"तू पंधरा तारखेपर्यंत थांब."

"कशासाठी? माझ्यापाशी नाही केलं म्हणायला काय आहे? केलेल्याची पावती असते. न केलेल्याची कुठून आणू?"

मी जिना उतरत होते तेव्हा ती मागून म्हणाली, "शिंपीकाकांना विचारा. बाबांच्या पासवर्डची चिठ्ठी त्यांच्याकडेही होती."

४

शिंपीकाका म्हणजे दादाचे चाळीस वर्षांचे दोस्त. दुकान आता बंद आहे, पण मोजपट्टी अजून गळ्यात असते. टेबलावर पट मांडलेला होता आणि ते दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत होते.

"चिठ्ठी आहे, ताई. पाकिटात आहे." त्यांनी लगेच काढून दिली. घडी इतकी जुनी होती की उलगडताना फाटली. "तो गेल्यावर उघडून पाहिली नाही. मला त्या काचेवरचे घोडे दिसतही नाहीत नीट."

"मग तुमच्याकडे कशाला दिली होती?"

काकांनी उंट उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

"तुम्हाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं त्याने. पण आता कोण विचारायला येतंय. त्याने ती साइट स्वतः तीनदा बंद केली होती. शेवटच्या वर्षात. दर वेळी पुन्हा सुरू. त्याने फोन केला की तिकडून म्हणायचे, साहेब, तुम्हीच तर सुरू केलीत. त्याला काही आठवायचं नाही. मला म्हणाला, गड्या, माझं डोकं जातंय. मी काय करतो ते माझं मलाच कळत नाही. चिठ्ठी तुझ्याकडे ठेव, मागितली तरी देऊ नकोस."

"पण त्याला पासवर्ड पाठ असणार."

"होताच की. रोज सकाळी जाऊन बघायचा, आपण रात्रीतून परत सुरू तर नाही ना केलं. स्वतःवर पहारा ठेवायचा बिचारा. त्यानंतरच त्याने गाडी चालवणं सोडलं. चेकबुक वहिनींना देऊन टाकलं."

मला ते आठवत होतं. दादाने चेकबुक दिलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी म्हटलं होतं, वय झालं. वहिनी तर म्हणाली होती, आता तुमच्याच्याने व्यवहार व्हायचा नाही. तो नुसता हसला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेचा प्रश्न तिथेच सुटला होता. दादाच्या हयातीतही हेच चाललं होतं, तर साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नव्हता. पण मग दर महिन्याला नेमकं कोण परत जात होतं?

५

बँकेच्या उताऱ्यावर साइटचं नाव नसतं, भलत्याच एका कंपनीचं असतं. एवढ्यावरच शंभरातले नव्वद लोक परत फिरतात. मी त्या नावामागे लागून पत्ता काढला. आठ तारखेला सकाळी एका काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर पोहोचले.

खुर्च्या लाल, पिवळ्या, निळ्या. दारावर 'ग्राहक-आनंद विभाग' अशी पाटी. भिंतीवर एक मोठा फळा झगमगत होता: 'या महिन्यात परत आलेले ग्राहक: ४१,३०६'. खाली कुणीतरी हसरा चेहरा काढला होता.

व्यवस्थापक पस्तिशीचा, अतिशय नम्र. नम्र माणसाशी भांडणं सर्वांत कठीण, हे ओळखूनच त्याला तिथे बसवलेला.

"मॅडम, आमची यंत्रणा आपणहून काही सुरू करत नाही. ग्राहक परत आला तरच होतं."

"ग्राहक वारलाय."

"माझ्या संवेदना. मग घरातलं कुणीतरी आलं असेल. आम्ही तुमच्या वहिनींना फोनवर तेच सुचवलं. घरात विचारून बघा."

"हे तुमचं स्वतःचं वाक्य, की सगळ्यांना सांगायला लिहून दिलेलं आहे?"

त्याने टाय नीट केला. "बऱ्याचदा तेच कारण निघतं."

"ठीक. परत आला म्हणजे त्याने नेमकं काय केलं? पैसे भरतो असं म्हटलं? कुठे बोट दाबलं?"

"परत आला."

"दुकानात माणूस परत येतो तो कधी कधी नुसता बघायला येतो."

तो पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आम्ही लगेच पैसे घेत नाही, मॅडम. पाच दिवस थांबतो. कुणी चुकून आलं असेल तर त्या पाच दिवसांत कळवता येतं. तशी ईमेल जाते."

"कुणाला?"

"ग्राहकाला."

"माझ्या मेलेल्या भावाला तुम्ही ईमेल पाठवता आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून त्याच्या बायकोचे पैसे कापता."

"नियमात आहे तसं," तो म्हणाला. त्याला खरंच काही वाटत नव्हतं. दिवसभर लोकांचं ऐकून घेण्याचाच त्याला पगार होता.

मी पाणी न पिता उठले. जिन्यात बोटांवर मोजलं. सहातून पाच गेले की एक उरतो. आणि एक तारीख मी नुकतीच कुठेतरी पाहिली होती.

६

खिडकीवरची सवय सांगते, संशय आणि खात्री यांच्यामध्ये एक कागद असतो. त्याच दुपारी मी शिंपीकाकांकडे गेले. त्यांच्या नावाने एक आणि माझ्या नावाने एक, अशी दोन नवी खाती उघडली. पहिला आठवडा फुकट होता. दोन्ही खाती दहा मिनिटांत बंद केली. बंद केली की फुकट आठवडाही संपतो, तसं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. जे त्यांना हवं असतं ते स्वच्छ लिहितात.

"काका, आता तुम्ही तिकडे फिरकायचं नाही."

"मी मेलो तरी नाही फिरकत."

नऊ तारखेला सकाळी मी माझं खातं उघडलं. हिरवी खूण दिसली, 'सध्या कोणतीही वसुली नाही'. मी कशालाही हात लावला नाही. बघितलं आणि मिटलं.

चौदा तारखेला सकाळी माझ्या फोनवर बँकेचा निरोप आला. नऊशे नव्याण्णव. काकांच्या फोनवर काहीच नाही.

मी दोन्ही फोन, काका आणि भाच्याला घेऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, एक तारखेला टॅबचं काय करता?"

"बघते."

"काय बघता?"

"बंद आहे ना ते." तिला प्रश्नच कळला नाही. "फोनवर बंद केलं म्हणतात, त्यावर मी विश्वास ठेवू? आत जाऊन बघते. हिरवी खूण दिसली की मिटते आणि तक्त्यावर खूण करते. दाबत काही नाही, वन्सं. नुसतं बघते."

"त्यांच्याकडे नुसतं बघायची सोय नाही. बंद केलेला माणूस पुन्हा आत आला की ग्राहक परत आला असं धरतात. पाच दिवस वाट बघतात आणि पैसे कापतात. तुम्ही एकला बघता, सहाला कापतात. चौथ्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात होतात. एक तारखेला बघितलं नाही, सहाला कापले नाहीत. घरात सून नव्हती हे खरं, पण तुम्हीही नव्हतात." मी दोन्ही फोन तिच्यापुढे ठेवले. "मी बघितलं, माझे गेले. काकांनी बघितलं नाही, त्यांचे राहिले."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात दाखवायची वेळ यावी अशी मांडणी दुसऱ्याने केली होती. गलथान माणूस या जाळ्यात अडकत नाही, तो बंद करतो आणि विसरतो. अडकतो तो डोळ्यांत तेल घालून बघणारा. कुलूप ओढून बघणारी माणसं हेरून त्यांच्या ओढण्यावरच कुणीतरी धंदा उभारला होता.

वहिनी तक्त्याकडे बघत राहिली. भाचा म्हणाला, "म्हणजे हिने काहीच..."

"काहीच नाही," मी म्हटलं. "आणि दादाही रोज सकाळी बघायला जायचा. काका, सांगा वहिनींना."

काकांनी सांगितलं. सांगून झाल्यावर वहिनीने फ्रिजवरचा तक्ता ओढून काढला.

७

त्या दोन फोनांचा पुरावा मी दुपारी बँकेला आणि कंपनीला पाठवला. संध्याकाळच्या आत कंपनीचं उत्तर आलं. एकतीस वर्षांत कुठल्याही तक्रारीला इतकी घाई झालेली मी पाहिली नव्हती. चूक मान्य नाही, परंतु सद्भावना म्हणून सर्व रक्कम परत देण्यात येईल. दादाच्या हयातीतले तीन महिनेसुद्धा. अट एकच. सोबतच्या कागदावर सही करायची, की हा विषय कुठेही बोलणार नाही आणि कुठेही तक्रार करणार नाही.

पंधरा तारखेला सकाळी वहिनी सुनेच्या मैत्रिणीकडे निघाली. गुडघा दुखत असताना तीन मजले चढली. भाच्याचा हात धरला नाही. दार सुनेनेच उघडलं. मागे भिंतीशी भाच्याने आणून दिलेली तिची बॅग बांधून ठेवलेली दिसत होती.

"तू नाही केलंस," वहिनी म्हणाली. "मीच करत होते. बघून बघून." आणि तिने जे झालं ते सगळं दारातच सांगितलं. एक शब्द स्वतःच्या बाजूचा घातला नाही.

सुनेने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे आत्यांनी शोधलं नसतं तर?"

मला वाटलं वहिनी आता रडेल, हात जोडेल. तिने तसलं काही केलं नाही.

"तर मी मरेपर्यंत तुला चोर म्हटलं असतं," ती म्हणाली.

भाचा जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. वहिनीने पिशवीतून कंपनीचे कागद काढून सुनेला दिले. सुनेने वाचायला सुरुवात केली, आणि परत द्यायच्या रकमांच्या यादीतल्या पहिल्या तीन ओळींवर तिचं बोट थांबलं.

"हे महिने तर बाबा असतानाचे आहेत."

"हो."

"म्हणजे बाबांचं डोकं ठीक होतं."

"शेवटपर्यंत," वहिनी म्हणाली. "त्यांना वाटायचं जातंय. मलाही वाटलं. मी तोंडावर म्हणाले त्यांना, की तुमच्याच्याने आता होत नाही. ते भीत भीत गेले, आणि मी मोजत बसले होते त्यांच्या गोळ्या." तिने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "यावर सही केली की पैसे आजच मिळतात. मला बोलायचा अधिकार नाही. तू त्यांच्याशी रोज खेळायचीस. सही करायची की नाही, तू सांग."

सुनेने कागद उलटसुलट करून पाहिला. त्या फळ्यावरच्या एक्केचाळीस हजारांचं मी तिला सांगितलं. त्यातल्या कितीतरी घरांत या क्षणी कुणीतरी कुणालातरी चोर म्हणत असेल, किंवा स्वतःला वेडा. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती.

"नाही करायची," ती म्हणाली. "तक्रार कुठे करतात, आत्या?"

"तीन ठिकाणी. वर्ष जाईल. पैसे मिळतील की नाही सांगता येत नाही."

"चालेल."

तिने पायांत चपला घातल्या आणि कागद स्वतःच्या पिशवीत ठेवले. भाचा बॅग उचलायला पुढे झाला, तर तिने त्याला हातानेच थांबवलं. मग ती वहिनीकडे वळली.

"तुम्हाला माफ केलं असं समजू नका, आई," ती म्हणाली. "त्याचं नंतर बघू. आधी बाबांचं."